राष्ट्रीय उद्यानात वाट कुणाला हवी, माणसांना की गाड्यांना?

दगडफूल

राष्ट्रीय उद्यानात 'सुविधा वाढवा' म्हटलं की मागण्यांची यादी ठरलेली असते: रस्ता रुंद करा, पार्किंग वाढवा, आणखी एक गेट उघडा. समोरून तितकंच ठरलेलं उत्तर येतं की माणसं आली म्हणजे जंगल संपलं, सगळं बंद करा. दोन्ही ऐकून कान किटले म्हणून हा धागा.

आपण एका ठिकाणी सतत गल्लत करतो असं मला वाटतं. माणूस आत जाणं वेगळं आणि त्याची गाडी आत जाणं वेगळं. उद्यानातली जागा, शांतता आणि कर्मचाऱ्यांचा वेळ सगळ्यात जास्त गाडी खाते. मग 'गर्दी फार झाली' असं म्हणत कात्री लागते ती मात्र माणसांना.

अमेरिकेतल्या झायनचं उदाहरण घ्या. अरुंद दरी, तळाला नदी, तिच्या कडेने एकच रस्ता. नव्वदच्या दशकात तिथे पार्किंगच्या जागा कमी आणि गाड्या कितीतरी जास्त असा प्रकार होता, लोक कडेच्या झाडोऱ्यात चाकं घालून गाड्या लावत. त्यांनी रस्ता रुंद केला नाही. २००० सालापासून हंगामात दरीत खासगी गाड्या बंद करून शटल बस सुरू केली. वाटेल त्या थांब्यावर उतरा, चाला, पुढची बस पकडा. त्यानंतर उद्यानाला भेट देणाऱ्यांची संख्या घटली नाही, उलट वाढत गेली. अलास्कातल्या डेनालीत सुमारे १४८ किलोमीटर लांबीच्या एकुलत्या रस्त्यावर पहिले २४ किलोमीटर सोडले तर उन्हाळ्यात खासगी गाडीला मज्जाव, पुढे बस, आणि हे १९७२ पासून आहे. जपानमध्ये कामिकोची नावाच्या डोंगरातल्या दरीत १९९६ पासून वर्षभर खासगी गाडी जात नाही.

आपल्याकडे उलटं आहे. व्याघ्र प्रकल्पांत जिप्सीतली जागा हेच बहुतेकांच्या दृष्टीने प्रवेशाचं मोजमाप झालंय. जागा मिळाली तर जंगल पाहिलं, नाही मिळाली तर नाही पाहिलं. चालणं, एका जागी तासभर बसणं, नुसतं ऐकणं, यातलं काहीच हिशेबात येत नाही.

तुमचं मत काय? शक्यतो 'लोकांना शिस्तच नाही' यापलीकडे जाऊन लिहा.

भटकभवानी

बसबद्दल पूर्ण सहमत. पण झायनची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. बसने माणसं आत पोचवली आणि गर्दी पार्किंगमधून उठून पायवाटेवर जाऊन बसली. एंजल्स लँडिंग नावाची तिथली चढाई म्हणजे दोन्ही बाजूंना कडा आणि मधे साखळी धरून जायची धार. तिथे इतकी रांग लागायला लागली की २०२२ पासून परवाना आणि सोडत आली. योसेमिटी उद्यानात हाफ डोम नावाच्या खडकाळ शिखरावर तारा धरून चढतात, तिथे तर त्याआधीपासून दिवसाला ३०० जणांची मर्यादा आहे.

म्हणजे गाडी काढली की प्रश्न सुटत नाही, पुढच्या अरुंद जागी सरकतो. तिथे शेवटी आकडा ठरवावाच लागतो. आकड्याला घाबरून चालणार नाही.

खडूस_आजोबा

आकडा ठरवा हो, माझी हरकत नाही. तो वाटणार कसा ते आधी सांगा.

सगळीकडे ऑनलाइन. खिडकी उघडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट, कार्ड, आणि तीन महिने आधी रजा ठरवायची सोय आहे त्याला जंगल. सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला ओटीपी येईपर्यंत सत्र बाद होतं. एका उद्यानाच्या गेटवर मला सांगितलं गेलं की आत जागा आहेत पण तिकीट मोबाइलवरूनच काढा, आणि तिथे रेंज नव्हती. यालाच लोकांसाठी खुलं म्हणायचं असेल तर धन्य आहे.

आणि ज्यांच्या बांधाला लागून उद्यानाची हद्द आहे त्या गावातला माणूस तीन महिने आधी कशाला बुकिंग करील? त्याला वाटलं तर तो आज जाईल.

भटकभवानी

आजोबा, मुद्दा मान्य. अमेरिकेत आर्चेस उद्यानाने २०२२ पासून काही हंगाम वेळेनुसार प्रवेशाचं आरक्षण राबवलं, त्यात एक बरी फट ठेवली होती: दिवसाच्या मुख्य तासांनाच आरक्षण लागायचं. पहाटे लवकर किंवा दुपार कलल्यावर आलात तर बिनआरक्षण आत. गर्दी आपोआप दोन्ही टोकांना पसरते आणि अचानक ठरवणाऱ्यालाही दार राहतं. शिवाय काही जागा गेटवरच्या खिडकीसाठी राखून ठेवायला कुणाची ना आहे?

मुरूम

बरीच वर्षं पायवाटा बांधायचं काम करतोय, म्हणून जरा लांब लिहितो. चर्चा 'किती माणसं' यावर चाललीय. जमिनीला तो प्रश्न तसा कळत नाही.

पायाखाली जमीन कशी बिघडते याचा अभ्यास करणारी वेगळी शाखाच आहे आणि तिचा सगळ्यात कामाचा निष्कर्ष सरळ आहे: नुकसान माणसांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. कोऱ्या जमिनीवर पहिली थोडीशी पावलं सगळ्यात महाग पडतात. गवत मोडतं, पालापाचोळ्याचा थर फाटतो, माती दबते. त्यानंतर त्याच वाटेवर दुप्पट माणसं गेली तरी नवं नुकसान फार होत नाही, कारण मोडायचं ते मोडून झालेलं असतं. उलट वाट सोडून द्या, तर दबलेली माती मोकळी व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

यातून निघतं ते बऱ्याच जणांना पटत नाही. 'गर्दी विखरा, लोकांना नवनवीन जागा दाखवा' हा सल्ला पुष्कळदा घातक असतो. शंभर माणसं एका पक्क्या वाटेवरून गेली तर एक वाट खराब. तीच शंभर माणसं दहा कोऱ्या दिशांना पाठवली तर दहा ठिकाणी पहिलं, महागडं नुकसान. आर्चेसच्या वाळवंटात मातीवर जिवाणू, शेवाळ आणि दगडफुलाची (धागाकर्ते, तुमचंच नाव!) काळपट साय असते. तीच वाळू धरून ठेवते. तिच्यावर एक पाऊल पडलं तर ती पूर्ववत व्हायला दशकं जातात. तिथे एक माणूससुद्धा जास्त आणि बाजूच्या खडकावर हजारसुद्धा चालतात.

म्हणून जिथे लोक जाणारच आहेत ती जागा मजबूत करा आणि तिथेच जाऊ द्या. ऑस्ट्रेलियात कोशियस्को शिखराकडे जाणारी एक वाट लोखंडी जाळीच्या उचललेल्या फळ्यांवरून जाते. जाळीतून ऊन-पाऊस खाली पोचतो आणि खालची झुडपं जगतात. जपानच्या ओझे दलदलीत लाकडी फळ्यांच्या वाटांचं मोठं जाळं आहे. लोक फळीवरून उतरत नाहीत, कारण उतरलं की चिखल. मजबुतीकरण म्हणजे दर वेळी सिमेंट असं नाही.

दुसरी गोष्ट पाणी. पायवाटा माणसांपेक्षा पाण्याने जास्त मरतात. सरळ उतारावर टाकलेली वाट पहिल्या दोन पावसाळ्यांत ओढा होते. मग लोक कडेने चालतात, वाट रुंद होते, आणि बोर्ड लागतो 'पर्यटकांच्या अतिरेकामुळे धूप'. आमच्याकडे एक साधा नियम आहे: वाटेचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. वाट बाहेरच्या अंगाला किंचित कलती ठेवायची म्हणजे पाणी आडवं ओलांडून जातं, वाटेने धावत नाही. नागमोडी वळणं जवळजवळ घेतली तर लोक मधूनच कापतात, म्हणून वळण अशा जागी घ्यायचं जिथे मधे मोठा दगड किंवा काटेरी जाळी आहे. बोर्डापेक्षा करवंद जास्त काम करतं.

दगडफूल

मुरूम, हा प्रतिसाद वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. (आणि नावाबद्दल, आता पाय जपून ठेवा.)

यालाच जोडून: उद्यानं पूर्वी 'धारणक्षमता' म्हणून एक आकडा शोधत बसायची, या जंगलाला इतकी माणसं झेपतात वगैरे. १९८५ च्या सुमारास अमेरिकेच्या वनसेवेतल्या संशोधकांनी प्रश्नच बदलला. किती माणसं हे न विचारता किती बदल आपण चालवून घेणार हे आधी ठरवा. वाट अमुक मीटरपेक्षा रुंद होऊ द्यायची नाही, अमुक पाणवठ्यावर पक्ष्यांची घरटी कमी होऊ द्यायची नाही. मग ते मोजत राहा आणि रेषा ओलांडली जाताना दिसली की हात घाला. तो हात बसचा असेल, फळ्यांचा असेल, हंगामी बंदीचा असेल. संख्येवर मर्यादा हा त्यातला एक उपाय, आणि माझ्या मते शेवटचा. भटकभवानींना इथे उत्तर देतोय.

वाघोबा_प्रथम

माझं मत कटू आहे. राष्ट्रीय उद्यान प्राण्यांसाठी असतं. ज्यांना चालायचंय त्यांनी बागेत चालावं. तुम्ही वाटा, बस, फळ्या, बाकं करत गेलात की वीस वर्षांनी जंगलाची जत्रा झालेली असेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा, त्यात प्रवेश हा हक्क नाही.

दगडफूल

कायदा वाचलाय. कलम २८ मध्ये मुख्य वन्यजीव रक्षकाने कोणत्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना द्यायचा ते लिहिलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन त्यात आहे. अटी घालता येतात, आणि घालाव्यातच.

बागेत चाला म्हणणं सोपं आहे. स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय उद्यान १९१४ पासूनचं, युरोपातल्या सगळ्यात कडक उद्यानांपैकी एक. आखलेली वाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, मुक्काम तंबूत करायचा नाही, कुत्रा साखळीत बांधूनसुद्धा आणायचा नाही. तरी प्रवेशशुल्क नाही आणि कुणीही पायी जाऊ शकतं. कडक असणं आणि खुलं असणं एकत्र नांदतं. फक्त काय चालणार नाही ते आधी ठरवावं लागतं.

सागवान

व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधला, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातला आहे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सुनावतो.

दगडफूल, स्वित्झर्लंडमध्ये वाघ नाही. मध्य भारतातल्या जंगलात 'पायी फिरा' हे टंकायला सोपं आहे. तेंदूपत्ता आणि मोह वेचायला जाणारी आमची माणसं पायीच असतात, त्यांना विचारा. त्यामुळे एकच नमुना सगळ्या उद्यानांना लावू नका. बोरिवलीचं उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, चारही बाजूंना महानगर, आत बिबटे आणि रोज पहाटे फिरायला येणारी माणसं. तिथे सायकल आणि बस चालते. ताडोब्यात गाभ्यात ती चालणार नाही.

वाघोबा, आता तुम्ही. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटन थांबवलं होतं, ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर सुरू झालं, आणि गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन ही मर्यादा आली. म्हणजे ८० टक्के तसंही बंदच आहे. त्या वीसमध्ये सगळं जिप्सीवरच का, हा धाग्याचा प्रश्न रास्त आहे. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात, मध्य प्रदेशात, गाईडबरोबर पायी आणि होडीतून जंगल दाखवतात. केरळात पेरियारला तर नव्वदच्या दशकाच्या शेवटी दालचिनीच्या जातीची साल चोरून नेणाऱ्यांनाच गटात बांधलं. आज ती माणसं पर्यटकांना पायी घेऊन जातात आणि रात्री गस्तही घालतात. त्यांच्याइतकी आडवाट कुणाला माहीत असणार?

आता माझा मुद्दा, जो अजून कुणी घेतला नाही. 'लोकांसाठी खुलं' म्हणताना कोण लोक? आमच्या गावातल्या पोरांनी ज्या तळ्यावर गुरं पाजली तिथे आता बाहेरचे लोक तिकीट काढून जातात आणि आम्ही गेलो तर घुसखोर. ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद झालं, कारण तिथले अनांगू लोक किती वर्षं सांगत होते की ही आमची पवित्र जागा आहे, चढू नका. जमीन त्यांना १९८५ मध्येच परत मिळाली होती आणि उद्यान त्यांच्यासह चालवलं जातं. म्हणजे कधी कधी प्रवेश वाढवण्याचं नाव घेण्याआधी कुणाला तरी विचारावं लागतं, आणि उत्तर नकार असू शकतं.

वाघोबा_प्रथम

उलुरूचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे की. बंद केलं आणि बरं झालं.

सागवान

चढणं बंद केलं, उद्यान नाही. खालून प्रदक्षिणेची वाट आजही आहे. आणि ते ठरवलं अनांगू लोकांनी बहुमत असलेल्या मंडळाने. तुम्ही बंद करायला निघालात तर मंडळावर कोण असेल ते सांगा, मग बोलू.

अबोली

मी चाकाच्या खुर्चीवरून फिरते. वर 'चालणं' हा शब्द इतक्या सहज येतोय की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

अपंगांसाठी सोय म्हटलं की उद्यानवाले माहिती केंद्राला एक रॅम्प करतात. तोही बहुधा इतका चढा की दोघांनी ढकलावं लागतं. आत मात्र काही नाही. मग कुणीतरी सहानुभूतीने म्हणतं, 'गाडी आत सोडू द्या ना यांच्यासाठी', आणि वाघोबांसारखे लोक म्हणतात, बघा, एकाला सोडलं की सगळे येतात. मला गाडी नको आहे. मला वाट हवी आहे.

आणि ती काही डांबरी असावी लागत नाही. दाबून बसवलेली बारीक खडीची भुकटी पावसाळ्यानंतरही बऱ्यापैकी टणक राहते. अमेरिकेत सरकारी उद्यानांतल्या पायवाटांसाठी जे निकष आहेत त्यात रुंदी किमान ९१ सेंटिमीटर, १ ला २० इतका उतार कितीही लांब चालतो, १ ला १२ उतार असेल तर साधारण ६० मीटरनंतर सपाट विसाव्याची जागा हवी. हे वाचून मुरूम यांच्या पाण्याच्या नियमांशी भांडण होईल असं वाटेल. होत नाही. मंद उतारावरची वाट पाण्यालाही टिकते आणि मलाही चढता येते. गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही, आणि बाबागाडी घेऊन आलेल्यांनाही.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये अशा वाटांची एक मालिकाच आहे. कुंपणावरून चढून जायच्या पायऱ्या काढून त्याजागी फाटकं बसवली. मोठं बांधकाम काहीच नाही, फक्त अडथळे मोजून काढले.

एक फुकट होण्यासारखी गोष्ट सांगते. उद्यानाच्या संकेतस्थळावर 'सुलभ वाट' असं लिहू नका. कुणासाठी सुलभ ते मला कळत नाही. लिहा: लांबी इतकी, सगळ्यात अरुंद जागा इतकी, सगळ्यात चढा भाग इतका आणि तो किती मीटर चालतो, पृष्ठभाग असा, बाक इतक्या अंतरावर, स्वच्छतागृहाचं दार इतकं रुंद. यायचं की नाही ते मी ठरवीन.

खडूस_आजोबा

अबोलीताई, +१००. बाकाचं वाक्य मोठ्या अक्षरात छापून लावा. बाक नाही म्हणून आमच्या वयाची किती माणसं गेटवरूनच परत फिरतात ते कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

अवांतर: ब्लूटूथ स्पीकर घेऊन येणाऱ्यांचं काय करायचं?

भटकभवानी

हे अवांतर नाहीच. कॅलिफोर्नियातल्या म्युअर वुड्समध्ये, ते राष्ट्रीय उद्यान नाही पण उद्यानसेवेच्याच ताब्यातलं रेडवूडचं जंगल आहे, एका भागात नुसते 'शांतता क्षेत्र' असे फलक लावून मोजमाप केलं. आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरला. दंड नाही, शिपाई नाही. तिथे २०१८ पासून पार्किंगलाही आधी आरक्षण लागतं, तो भाग वेगळा.

कचऱ्याचंही तसंच. मुरूमनी ओझेचं नाव घेतलं. तिथे सत्तरच्या दशकातच कचराकुंड्या काढून टाकल्या आणि आपला कचरा आपण घरी न्या असं सांगितलं. कुंडी ठेवली की ती भरून वाहते, माकडं उपसतात, आणि ती रिकामी करायला पुन्हा गाडी आत न्यावी लागते. कुंडीच नसली की पिशवी पाठीवरच राहते.

वाघोबा_प्रथम

आपल्याकडे कुंडी काढली तर कचरा थेट ओढ्यात जाईल. तुम्ही लोक फारच आशावादी आहात.

बरं, मी सगळं बंद म्हणतो असं नाही. थायलंडच्या माया बेचं उदाहरण माझ्या मनात आहे. २०१८ मध्ये तो किनारा पूर्ण बंद केला, २०२२ च्या जानेवारीत उघडला. मधल्या काळात प्रवाळ लावले, काळ्या टोकाच्या परांचे शार्क उथळ पाण्यात परत आले. आता बोटींनी आत यायचं नाही, मागच्या बाजूच्या धक्क्यावर उतरायचं, आणि दरवर्षी काही आठवडे पुन्हा बंद. हे मला पटतं. आधी श्वास घेऊ द्या, मग अटींवर उघडा.

दगडफूल

वाघोबा, तुम्ही सांगितलेलं तंतोतंत माझंच म्हणणं आहे, बोटीच्या जागी जिप्सी घाला. वाहन मागे थांबलं, माणूस पायी पुढे आला.

हंगामी बंदीला माझा पूर्ण पाठिंबा. पावसाळ्यात ओल्या मातीच्या वाटा बंद ठेवाव्यात, विणीच्या काळात कडे आणि पाणवठे बंद ठेवावेत. फक्त कोणती वाट कधीपासून कधीपर्यंत आणि कशासाठी बंद हे फाट्यावर लिहिलेलं असावं. 'प्रवेश निषिद्ध' एवढंच लिहिलं की लोकांना ते आव्हान वाटतं.

भटकभवानी

रात्रीचं कुणी बोललं नाही. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पेंच देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' झालं. दिवे झाकले, कमी केले, आणि आकाश पाहण्याची सोय केली. एका जागी बसून करायचा उद्योग, मागे जिप्सी धावत नाही, प्राण्यांनाही अंधार मिळतो. सफारीच्या गाडीवरचा ताण असल्या गोष्टींनी थोडा तरी कमी होईल.

सागवान

आणि त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलावे लागतात. गावाला विचारून केलं तर टिकतं. ऊस नाहीतर धान राखायला रात्री शेतात जाणाऱ्याला उजेड लागतो, हेही ध्यानात असू द्या.

खडूस_आजोबा

सगळं वाचलं. आता मला साधं उत्तर द्या. एखाद्या उद्यानाकडे यंदा थोडेच पैसे आहेत. बस घेणं परवडत नाही, फळ्यांची वाट तर दूरच. पहिलं काम कोणतं?

मुरूम

नवीन काहीही बांधू नका. आहे त्या वाटांवर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन चाला आणि पाणी कुठे वाटेत शिरतंय, कुठे थांबतंय त्या जागा खडूने दगडांवर नोंदवा. उघडीप मिळाली की तिथे आडवे दगड बसवून पाणी बाहेर काढा. चार मजूर आणि एक पहार पुरते. गावातलीच माणसं घ्या, पुढच्या वर्षी चर साफ करायलाही तीच लागतात. त्याच फेरीत अबोलीताईंची मोजमापं घेऊन टाका, टेप आणि वही एवढाच खर्च. गेटजवळच्या पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर चार बाक टाका, कारण आलेल्यांतले बरेच जण त्याच्या पुढे जातच नाहीत.

नवीन वाट काढायला लोकांना हौस असते, फीत कापता येते. जुन्या वाटेचा चर साफ करायला कुणी पाहुणा येत नाही, म्हणून त्या कामाचं वेगळं लेखाशीर्ष मागून घ्या. नाहीतर ते पैसे कमानीत जातात.

अबोली

मोजायला मी येते. टेप माझ्याकडे आहे, वही कुणीतरी धरा.